तिकीट ईस्टर्न कॅरिबियनचं, फिरून आलो वेस्टर्न

आमच्या कॅरिबियन क्रूझचं रेटिंग आधीच सांगून टाकते. जहाजाला साडेचार, कॅप्टनला पाचपैकी पाच आणि कंपनीच्या ऑफिसला दोन, ते दोनही टर्मिनलवरच्या मुली बिचाऱ्या लोकांचं बोलणं खात उभ्या होत्या म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

मायामीहून ७ रात्री, सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन, आणि तारीख सप्टेंबरचा दुसरा आठवडा. जाणकार इथेच हसतील. अटलांटिकचा हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर आणि त्याचा ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास. एवढं स्वस्त का मिळतंय हा प्रश्न नवऱ्याला पडलाच नाही, मला पडला होता पण आतल्या बिनखिडकीच्या रूमच्या भावात बाल्कनीवाली दिसली आणि मीही तोंड बंद ठेवलं. आम्ही दोघं आणि सासूबाई.

निघायच्या आठ-नऊ दिवस आधी अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या नकाशावर आफ्रिकेच्या बाजूला एक पिवळा डाग उगवला. पुढच्या ७ दिवसांत वादळ तयार व्हायचा चान्स ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पिवळा, ४० ते ६० केशरी आणि त्याच्या वर लाल, असं त्यांचं असतं. दोन दिवसांत डाग केशरी, मग लाल, मग वारा ताशी ६३ किलोमीटरवर गेला आणि बाळाचं बारसं झालं म्हणजे वादळाला नाव पडलं. नवरा तेव्हा जागा झाला आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स शोधायला लागला, फोनवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की सर नाव पडल्यावर घेतलेल्या पॉलिसीत हे वादळ कव्हर होत नाही, पुढचं एखादं आलं तर होईल. म्हणजे इन्शुरन्स बुकिंग केलं त्याच दिवशी घ्यायचा असतो, हे आम्ही पैसे भरून शिकलो. कुठल्याही कारणाने कॅन्सल करता येतं असा महागडा प्रकारही असतो पण त्यात सहसा ५० ते ७५ टक्केच परत मिळतात आणि तोही बुकिंगनंतर थोड्या दिवसांतच घ्यावा लागतो.

मोबाईलमधल्या वेदर ॲपकडे मात्र बघूच नका. तिथे सातही दिवस ढग आणि वीज दिसत होती, सासूबाई रोज बघून हाय खायच्या. त्या भागात त्या दिवसांत दुपारी अर्धा तास सर आली तरी ॲपला तेच चित्र आणि हरिकेन आलं तरी तेच चित्र. त्यापेक्षा हरिकेन सेंटरचं बुलेटिन बघा, मायामीच्या वेळेने पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ ला येतं, फुकट आहे आणि भाषा साधी आहे. त्यातल्या नकाशावर शंकूसारखा पसरत जाणारा पट्टा असतो ना, ज्याला कोन म्हणतात, तो वादळाचा मध्य कुठून कुठे जाईल त्याचा अंदाज असतो, वादळ केवढं पसरलंय ते त्यात कळत नाही, आणि मध्य शेवटपर्यंत कोनाच्या आत राहायची शक्यताही साधारण तीनात दोनच. आपण बेट कोनाबाहेर आहे म्हणून खूश होतो आणि तिकडे लाटा शेकडो किलोमीटर लांब पोचलेल्या असतात.

आता माझी खरी तक्रार. गुरुवारी सकाळी ११ च्या बुलेटिनमध्ये कोन सरळ सेंट मार्टिनवर होता. ह्याच सेंट मार्टिन आणि सेंट थॉमसची २०१७ मध्ये इर्मा वादळाने दैना केली होती, तिथे कोणी जहाज नेणार नाही हे मला घरात बसून कळत होतं. कंपनीची मेल काय, तर आम्ही हवामानावर बारीक लक्ष ठेवून आहोत. तीच मेल तीन वेळा. शनिवारी टर्मिनलवर बॅगा देऊन झाल्यावर हातात एक कागद दिला की आता आपण पश्चिमेला कोझुमेल, कोस्टा माया आणि ग्रँड केमनला जातोय, शुभ प्रवास. पाच दिवस पुढचा अंदाज तीनशे किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे लवकर जाहीर करून परत बदलावं लागलं तर अजून शिव्या पडतील, हे मान्य आहे मला. पण निदान "बहुतेक पश्चिमेला जाऊ" एवढं शुक्रवारी कळवलं असतं तर सेंट थॉमसला मी बाहेरून बुक केलेली बोट वेळेत कॅन्सल झाली असती. उशिरा कॅन्सल केलं म्हणून ते पैसे गेले. जहाजाकडून घेतलेल्या टूरचे आपोआप परत आले, म्हणजे ह्या सीझनमध्ये टूर जहाजाकडूनच घ्या, महाग पडली तरी. बंदरं बदलल्याची भरपाई वगैरे काही नाही, करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की मार्ग कधीही बदलू शकतो, फक्त न गेलेल्या बंदरांचे टॅक्स थोडेफार खात्यात जमा झाले.

तरी कॅप्टनला मानलं. रोज दुपारी १२ ला स्वतः माइकवर येऊन वादळ कुठे आहे, आपण कुठे, वारा किती नॉट (म्हणजे ताशी किती सागरी मैल), सगळं सांगायचा, गोड बोलून गुंडाळायचा नाही. एकदा म्हणाला की आपलं जहाज २० नॉटच्या पुढे पळतं आणि वादळ साधारण त्याच्या निम्म्या वेगाने येतंय, त्यामुळे समुद्रात आपण त्याच्यापासून लांब राहू शकतो, अडचण बंदराची असते. हे डोक्यात बसल्यावर भीती बरीच गेली. जहाज वादळात सापडेल ही काळजी आपण करत बसतो आणि वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टींचा.

ग्रँड केमनला तेच झालं. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकून छोट्या बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात. वारा आणि लाटांमुळे बोटींवर माणसं उतरवणं धोक्याचं म्हणून कॅन्सल. किनारा समोर दिसतोय, ऊनही पडलंय आणि आपण रेलिंगला टेकून फोटो काढतोय!

त्या रात्री जहाज हललं. चांगलंच हललं. लिफ्टजवळ उलटीच्या पिशव्या लावल्या, पूल रिकामा करून वर जाळी टाकली, डान्सचा शो रद्द. जहाजाच्या खालच्या बाजूला पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात त्यांनी डावी-उजवीकडचं डोलणं कमी होतं, पण पुढचं टोक वरखाली होतं त्याला ते काही करू शकत नाहीत, आणि आमची स्वस्तातली बाल्कनी बरोब्बर पुढच्या टोकाला, दहाव्या मजल्यावर. मी रात्रभर आडवी. नवरा हिरवं सफरचंद आणि आल्याच्या गोळ्या घेऊन उशाशी बसलेला. सासूबाई मात्र सकाळी टुणटुणीत, "अगं पाळण्यासारखं वाटत होतं, मस्त झोप लागली". ह्या सीझनला जायचंच असेल तर रूम मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, व्ह्यू गेला खड्ड्यात.

शेवटची गंमत परत येताना. वादळ बहामाजवळून वर सरकलं आणि मायामीचं बंदर बंद. कोस्ट गार्डचे बंदरासाठी इशाऱ्याचे टप्पे असतात, जोराचा वारा ७२ तासांवर असेल तर व्हिस्की, ४८ ला एक्स-रे, २४ ला यँकी आणि १२ ला झुलू, झुलू लागलं की बंदराला कुलूप. वादळ गेल्यावरही लगेच उघडत नाहीत, आधी येण्याजाण्याचा रस्ता तपासतात. आम्ही क्युबाच्या पश्चिमेला एक दिवस नुसते घिरट्या घालत होतो. खाणंपिणं चालू होतं, त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत आणि घरी कळवायला थोडं इंटरनेट फुकट दिलं, हे कौतुकाने सांगते. पण विमानाची तिकिटं आपली आपण काढलेली, ती बदलायचा खर्च आमच्याच डोक्यावर. ज्यांनी क्रूझ कंपनीकडूनच विमान घेतलं होतं त्यांची सोय कंपनीने करून दिली.

दक्षिणेला अरुबा, बोनेर, कुरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली येतात म्हणून सप्टेंबरसाठी लोक तिकडचं सुचवतात. बऱ्यापैकी खरंय, फक्त अख्खा दक्षिण कॅरिबियन सेफ समजू नका, २०२४ ला बेरिल वादळाने १ जुलैलाच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाला झोडपलं होतं, सीझन सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता.

सासूबाईंना विचारलं की आई, सेंट मार्टिन राहिलं, वाईट वाटलं का. म्हणाल्या, "ते कुठे होतं मला माहितीच नव्हतं, कोझुमेल छान होतं की". नवऱ्याने फेब्रुवारीचे भाव काढून बघितले. जवळजवळ दुप्पट. ते बघून तो परत सप्टेंबरच्या पानावर गेलाय.