विम्बल्डन फायनल: १९८०ची बघावी की २००८ची?

टेनिसचा एकच जुना सामना पूर्ण बघायला वेळ आहे, तर कुठला निवडावा?

वेळ: १९८०चा बोर्ग-मॅकेन्रो ३ तास ५३ मिनिटं, २००८चा नदाल-फेडरर ४ तास ४८ मिनिटं.

शैलीतला फरक १९८०मध्ये लगेच डोळ्यांत भरतो. रॅकेट लाकडी, उसळी कमी. डावखुरा मॅकेन्रो सर्व्हिस करून थेट नेटवर. बोर्गचं उत्तर दोन हातांच्या बॅकहँडचा पासिंग शॉट, म्हणजे नेटवरच्या खेळाडूच्या बाजूने चेंडू काढणारा फटका. चौथ्या सेटचा टायब्रेक (६-६ बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) १८-१६! त्यात मॅकेन्रोने पाच मॅचपॉइंट (बोर्गने जिंकला असता तर सामना संपला असता असे गुण) वाचवले, तरी पाचवा सेट बोर्गने ८-६ असा काढला.

२००८मध्ये दोघेही बहुतेक बेसलाइनवरच (कोर्टाच्या मागच्या रेषेवर), त्यामुळे फरक चेंडूच्या फिरकीत शोधावा लागतो. नदालचा डावखुरा टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याएवढा उसळतो. तिथून जोर लावणं कठीण, चेंडू आखूड पडतो आणि नदाल पुढे सरसावतो. फेडररने १३पैकी एकच ब्रेकपॉइंट (प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकण्याची संधी) साधला. माझ्या मते सामना तिथेच गेला.

नेटवरचा खेळ, डबल्स शिकणाऱ्यांनी १९८० बघावा. बेसलाइनवरून खेळणाऱ्यांनी, विशेषतः एकहाती बॅकहँडवाल्यांनी, २००८.