28 थेंबांचे 42,000 रुपये

पायाच्या अंगठ्यातून ‘युरिक ॲसिड ओढून काढणारी’ टोळी इंदूरमध्ये फिरत असून तिने माझे 46,800 रुपये नेले आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

चादरीचा स्पर्शही सहन होऊ नये इतका माझा अंगठा सुजला होता. रक्तातील युरिक ॲसिड 8.9 आले आणि डॉक्टरांनी गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात, सांगितला. परंतु मी दारूला कधी शिवलो नाही, घरात मांसाहार नाही, त्यामुळे ते निदान मला पटेना. लॅबच्या पायऱ्या लंगडत उतरताना ‘आमच्या आईचेही असेच होते’ म्हणत जवळ आलेल्या गृहस्थाने नेमके हेच हेरले. दुसऱ्या दिवशी त्याचा ‘वैद्य’ रामबागेतील माझ्या घरी आला. थेंबाला 1,500 रुपये ठरले. चार-पाच थेंब निघतील, असे तो म्हणाला होता. ब्लेडने चीर देऊन तो तांब्याच्या नळीने ओढी आणि ताटलीत पिवळसर, घट्ट थेंब टाकी. प्रत्येक थेंबाआधी नळी ‘धुण्यासाठी’ तो ती स्वतःच्या वाटीत बुडवत होता, आणि मी समोर बसून थेंब मोजत होतो! त्याच क्षणी ती वाटी हिसकावून घ्यायला हवी होती. युरिक ॲसिड असे ताटलीत पाहून ओळखता येत नाही; सांध्यातील पाण्यात त्याचे स्फटिक आहेत की नाहीत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. वर 4,800 रुपयांचे चूर्ण घेतले.

आठवड्याने सूज उतरली. मी त्याची चारचौघांत स्तुती केली, याचा सर्वांत जास्त संताप येतो. कारण गाउटचा झटका एक-दोन आठवड्यांत बहुधा आपोआपच ओसरतो. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच ठणका उठला. तेव्हा डॉक्टरांनी समजावले, की वडिलांचा असाच संधिवात, माझे वजन, गोड शीतपेये आणि रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी, ही कारणेही पुरेशी असतात. (ती गोळी मनाने बंद करू नका.) आता रोजच्या औषधाने युरिक ॲसिड 6 च्या खाली ठेवायचे आहे.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत’ आणि आरोग्य कार्यालयाकडे पाठवले. तेथे उत्तर मिळाले, की तो डॉक्टरच नाही, तेव्हा आमचा संबंध नाही. मग डॉक्टर नसलेल्याने माझ्या पायावर ब्लेड चालवले, ही तक्रार कोणाकडे न्यायची? चार खेपा झाल्या, साधी पोचही नाही. मोबाइलवरून पैसे दिले असतील तर तत्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. मी तीन आठवडे घालवले. ‘वैद्या’चा क्रमांक दोन्ही ठिकाणी लिहून दिला आहे. काल लावून पाहिला, तर तो अजूनही चालू आहे.