कोलरपेंट: फॉर्मचे फोटो आणि सह्या सेव्ह करण्यासाठी काही महिने वापरल्यानंतर

साधा चित्रसंपादक निवडताना मी आता आधी त्याची ‘सेव्ह ॲज’ची खिडकी उघडून बघते. ब्रश, रंग, आकार सगळ्यांकडे असतात. तयार झालेली फाइल कोणत्या स्वरूपात आणि किती वजनाची बाहेर पडणार, हे सेव्ह करण्याआधी कळतं का, हा माझ्यासाठी महत्त्वाचा प्रश्न आहे. कोलरपेंट या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाला. फक्त त्याला एक प्लगिन, म्हणजे जास्तीची सोय देणारा छोटा जोड, बाहेरून जोडावं लागलं.

मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून बसते. अभ्यासिकेतली मुलंमुली बँक भरतीचे, शिष्यवृत्तीचे, पोलीस भरतीचे फॉर्म तिथल्याच संगणकांवर भरतात. संगणक जुने आहेत, म्हणून त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आहे. फॉर्म भरताना मुलं जिथे हमखास अडतात ती जागा म्हणजे फोटो आणि सही अपलोड करणं. शैक्षणिक माहिती दहा मिनिटांत भरून होते आणि मग ‘फाइलचा आकार योग्य नाही’ या एका ओळीपाशी अर्धा तास जातो.

आयबीपीएसच्या बँक भरतीचं उदाहरण घेते, कारण त्यांच्या सूचना अगदी स्पष्ट असतात. फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४० पिक्सेल, २० ते ५० केबी. हस्तलिखित घोषणापत्र ८०० × ४०० पिक्सेल, ५० ते १०० केबी. ठसा आणि घोषणापत्र २०० डीपीआयवर (एका इंचात २०० ठिपके) हवं, आणि सगळं जेपीजीमध्ये. प्रत्येकाला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. ‘फोटो लहान करा’ म्हणणाऱ्या बहुतेक सोयी वरच्याच मर्यादेचा विचार करतात, आणि मुलांची फाइल १४ केबीची होऊन परत येते.

कोलरपेंट हा केडीई या लिनक्ससाठी मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाचा प्रोग्रॅम, २००४ साली केडीई ३.३ बरोबर आला. दिसायला विंडोजच्या जुन्या पेंटसारखाच, त्यामुळे शिकवावं असं फार काही नसतं. लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवता येणारे थर, नाहीत. त्याची मला एकदाही उणीव भासली नाही.

आता त्या सेव्ह करण्याच्या खिडकीबद्दल. जेपीजी स्वरूप निवडलं की खाली दर्जाचा आकडा टाकायची जागा येते आणि शेजारी ‘प्रिव्ह्यू’चं बटण. ते दाबलं की छोट्या खिडकीत सेव्ह झाल्यावर चित्र कसं दिसेल ते दिसतं आणि त्याखाली फाइल किती बाइटची होईल तो आकडा. दर्जा ७५ वरून ९० केला की आकडा बदलतो, ९५ केला की पुन्हा बदलतो. म्हणजे डिस्कवर काहीही न लिहिता, पोर्टलवर काहीही न चढवता, फाइल २० आणि ५० केबीच्या मध्ये नेमकी बसवता येते. मुलांना हे एकदा दाखवलं की ती पुढच्या वेळी मला हाक मारत नाहीत. कोणत्याही साध्या चित्रसंपादकात ही सोय असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

इथे एक बारकावा. खिडकीत आकडा बाइटमध्ये येतो आणि पोर्टल मर्यादा केबीमध्ये सांगतं. एक केबी म्हणजे १,००० बाइट की १,०२४, हे पोर्टल सांगत नाही. मी दोन्ही हिशोबांत बसेल असा आकडा धरते: फोटोसाठी २०,४८० च्या वर आणि ५०,००० च्या खाली. त्या पट्ट्यात असलेली फाइल आकाराच्या कारणावरून परत आलेली नाही.

सहीचं गणित मात्र वेगळंच आहे. १४० × ६० म्हणजे अवघे ८,४०० पिक्सेल. फाइल अजिबात आकसवली नाही तरी प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरून त्याचे २५,२०० बाइट होतात, आणि पांढऱ्या कागदावरची काळी सही जेपीजीत इतकी आकसते की दर्जा १०० ठेवूनही १० केबी गाठणं कठीण. मुलं गोंधळतात, कारण दोन्ही सूचना एकाच ओळीत लिहिलेल्या असतात. पण सूचना नीट वाचली तर ती मापं ‘प्राधान्याची’ आहेत, आणि फाइलच्या वजनाची मर्यादा पक्की आहे. म्हणून सही त्याच ७ : ३ प्रमाणात पण मोठी ठेवायची, ४२० × १८० किंवा ५६० × २४०, आणि मग प्रिव्ह्यू बघत दर्जा ठरवायचा. १२ ते १८ हजार बाइटमध्ये सही सुबक बसते आणि तिच्या रेघाही तुटत नाहीत. जिथे पोर्टल पिक्सेल नेमकेच मागतं तिथे ही युक्ती चालणार नाही, ते आधी वाचून घ्या.

फोटोतही प्रमाणाची अडचण आहे. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो ३.५ × ४.५ सेंटीमीटरचा असतो. तो २०० पिक्सेल रुंद केला की उंची २५७ होते, २३० नाही. ‘प्रमाण राखा’ची खूण काढून जबरदस्तीने २३० टाकलं की चेहरा बसका दिसतो, आणि परीक्षा केंद्रावर ओळख पटवताना तोच फोटो समोर असतो. म्हणून आधी कातरायचं, मग लहान करायचं. आयताची निवड ओढताना खालच्या पट्टीत तिची लांबी-रुंदी दिसत राहते, ती २० : २३ च्या प्रमाणात, उदाहरणार्थ १००० × ११५०, आली की कंट्रोल आणि टी दाबून तेवढाच भाग ठेवायचा. नंतर माप बदलण्यासाठी कंट्रोल आणि ई. तिथे तीन पर्याय येतात. पहिला फक्त कागद लहान करतो, चित्राचा उरलेला भाग कापला जातो. दुसऱ्याने कडा दातेरी होतात. तिसरा, ‘स्मूथ स्केल’, आपल्याला हवा. नवीन माणूस हमखास पहिला निवडतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. डीपीआय फाइल मेनूतल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये बदलता येतो, ठशासाठी आणि घोषणापत्रासाठी तिथे २०० टाका.

आता प्लगिनची गोष्ट. वेबवरून उतरवलेली चित्रं हल्ली बऱ्याचदा वेबपी स्वरूपात येतात. गूगलने २०१० मध्ये आणलेलं हे स्वरूप ब्राउझरमध्ये छान दिसतं, पण आमच्या संगणकांवर कोलरपेंट ते उघडायलाही तयार नव्हता आणि सेव्हच्या यादीतही ते नव्हतं. टिफ या दुसऱ्या स्वरूपाचंही तेच. सेटिंग्जमध्ये याचा उपाय सापडत नाही, कारण तो तिथे नाहीच. कोलरपेंटला स्वतःला कुठलंच स्वरूप येत नाही. तो ज्या क्यूटी लायब्ररीवर, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडच्या संचावर, उभा आहे तिला जेवढी स्वरूपं येतात तेवढीच यादी तो दाखवतो. क्यूटीच्या मूळ संचात पीएनजी, जेपीजी, बीएमपी अशी नेहमीची मंडळी असतात. वेबपी आणि टिफ वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेले आहेत. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘क्यूटी इमेज फॉरमॅट्स प्लगिन्स’ शोधा, क्यूटी ५ आणि क्यूटी ६ साठी दोन वेगळी पॅकेजं आहेत, तुमचा कोलरपेंट ज्यावर बांधलेला आहे ते घ्या. कळत नसेल तर दोन्ही घातली तरी बिघडत नाही. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की सेव्हच्या यादीत नवी नावं आलेली असतात. केडीईचं स्वतःचंही एक जास्तीच्या स्वरूपांचं पॅकेज आहे, ‘केइमेजफॉरमॅट्स’ नावाचं. एव्हीआयएफसारख्या नव्या स्वरूपांचं काम पडत असेल तर तेही बघा.

ही रचना समजल्यापासून मला दुसऱ्या प्रोग्रॅमच्या अडचणीही सोडवता येतात. एखादा चित्रसंपादक अमुक स्वरूप देत नाही असं दिसलं की तो कोणत्या लायब्ररीवर उभा आहे ते विचारायचं, प्रोग्रॅम लगेच बदलायची गरज नसते.

जीआयएफचं मात्र काहीही करून जमणार नाही. क्यूटी जीआयएफ वाचते, लिहीत नाही. जीआयएफ ज्या एलझेडडब्ल्यू पद्धतीने आकसवली जाते तिच्यावर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं, अमेरिकेत ते २००३ मध्ये संपलं. पेटंट गेलं, तरी लिहिण्याची सोय काही आली नाही. फॉर्मच्या कामात जीआयएफ लागत नाही, त्यामुळे मला फरक पडला नाही. शाळेसाठी हलती चित्रं बनवणाऱ्यांनी दुसरं साधन बघावं.

आयफोनचे फोटो ही वेगळी डोकेदुखी. २०१७ च्या आयओएस ११ पासून ते एचईआयसी नावाच्या स्वरूपात येतात. ते इथे उघडण्याच्या मागे लागण्यापेक्षा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगणं सोपं पडतं, मग फोटो जेपीजीच निघतो.

एक सवय मी सगळ्यांना लावते. मोबाईलवरून आलेला फोटो कातरून झाला की तो आधी पीएनजीमध्ये सेव्ह करायचा आणि प्रत्येक फॉर्मसाठी जेपीजी त्यातूनच काढायची. जेपीजी उघडून पुन्हा जेपीजीत सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो. सहीच्या रेघांभोवती राखाडी ठिपके दिसायला लागतात, त्याचं कारण हेच. कोलरपेंट अशा वेळी ‘या स्वरूपात रंगांची सगळी माहिती टिकेलच असं नाही’ अशी सूचना देतो. मुलं घाबरून ‘कॅन्सल’ दाबतात. घाबरू नका, मूळ पीएनजी जवळ असेल तर खुशाल पुढे जा.

आणि कृपा करून फाइलच्या नावातलं ‘पीएनजी’ खोडून ‘जेपीजी’ लिहू नका. पीएनजी फाइलच्या अगदी सुरुवातीच्या बाइटमध्येच तिचं नाव लिहिलेलं असतं, जेपीजीची सुरुवात वेगळी असते. नाव बदलल्याने आतलं काही बदलत नाही, आणि आत डोकावून तपासणारी पोर्टलं ते लगेच ओळखतात. सेव्हच्या खिडकीत स्वरूपाच्या यादीतून जेपीजी निवडा आणि ‘प्रत्यय आपोआप लावा’ ची खूण तशीच राहू द्या.

दुसरे पर्यायही वापरून बघितले. गिम्पमध्ये जेपीजी काढताना प्रिव्ह्यूची खूण केली की फाइलचं वजन दिसतं, हे मान्य. पण २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून तिथे ‘सेव्ह’ म्हणजे फक्त गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल, बाकी सगळ्यासाठी ‘एक्स्पोर्ट’. मोठं काम करणाऱ्याला हा भेद उपयोगाचा आहे, त्याचे लेअर सुरक्षित राहतात. पहिल्यांदा फॉर्म भरणाऱ्या मुलीला तो समजावत बसणं मला पटत नाही. पिंटा सुटसुटीत आहे, जेपीजीचा दर्जाही विचारतो, पण सेव्ह करण्याआधी वजन सांगत नाही. ऑनलाइन ‘रिसायझर’ तर मी वाचनालयात बंदच केले. मुलीचा फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा तिन्ही एकत्र कुठल्या अनोळखी सर्व्हरवर चढवणं मला योग्य वाटत नाही.

मला कोलरपेंटमध्ये आणखी एकच गोष्ट हवी आहे: ‘४० केबीच्या आत बसव’ असं सांगितलं की दर्जा त्याने स्वतः शोधावा. तोवर आकडा हाताने वरखाली करावा लागतो. मिंटवर घालताना तो केडीईची बरीच पॅकेजं सोबत ओढतो, तेव्हा इंटरनेट मर्यादित असेल तर पहिली स्थापना निवांत वेळी करा, आणि क्यूटीचं ते प्लगिन त्याच वेळी घालून टाका.