नीलवंत की हळदीकुंकू?

नवा कॅमेरा हातात आला की फुलपाखरांत पहिलं नाव निघतं ते नीलवंताचं. त्यात चूक काही नाही. २०१५ साली राज्याचं फुलपाखरू झालेला, तळहाताएवढा, काळ्यावर निळा. शोधायलाही लागत नाही. परसात लिंबू किंवा पपनस असलं की मादी अंडी घालायला आपणहून येते. मीही दोन वर्षं त्याच्याच मागे होतो.

वैताग एकच. हे महाशय फुलावर येतात, पण टेकत नाहीत. मध पितानाही पुढचे पंख थरथरत असतात, आणि दोन घोट झाले की पुढचं फूल. वईतल्या, म्हणजे कुंपणातल्या, जास्वंदीवर एका सकाळी साठ-सत्तर फोटो काढले. घरी येऊन बघतो तर जास्वंद पुंकेसरासकट लखलखीत आणि तिच्यावर निळसर धूर. शटरचा वेग वाढव म्हणाले जाणकार, वाढवला. वईच्या सावलीत फोटोच काळा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवला तर पंखांवर रवा सांडल्यासारखे दाणे. असं महिनोन्‌महिने.

हळदीकुंकू हे दुसरं फुलपाखरू दिसायला त्यामानाने बेताचं. उडताना तर पांढरंच वाटतं. पण हळद आणि कुंकू दोन्ही पंखांच्या खालच्या अंगाला, म्हणजे पंख मिटून बसलं की नेमकं तेच आपल्यासमोर. आणि ते बसतं! पक्ष्यांना ते बेचव लागतं, रंग हीच ताकीद; म्हणून घाई नसावी बहुधा. थंडीतल्या एका सकाळी टणटणीच्या (घाणेरीच्या) झुबक्यावर एकेक फूल करत चाललं होतं. मी हातभर अंतरावर गुडघे टेकले, कडेची कुंकवाची बोटं मोजून झाली, तरी ते आपलं मधात.

त्याचाही हेका आहे. ऊन चढलं की आंब्याच्या शेंड्यावर, मग मान दुखेपर्यंत बघत राहा. शिवाय अळ्या बांडगुळावर वाढतात, आणि बांडगूळ म्हणजे बागायतदाराचा वैरी. आमच्याकडे बाबांशी बरीच हुज्जत घातल्यावर जुन्या रायवळ आंब्यावरची बांडगुळाची एक फांदी कोयत्यातून सुटली आहे. एकच.

मोठी लेन्स असेल, वर भरपूर ऊन असेल, तर नीलवंताला नाही कशाला म्हणा. पाऊस ओसरल्यावर ओहळाकाठी ओल शोषायला उतरलेला नर भेटला तर उत्तमच. साध्या कॅमेऱ्यावर भागवायचं असेल, तर मी तरी सकाळी आठच्या आत टणटणीपाशी जाईन.