ऑनबॉट जावा: शाळेच्या रोबोटिक्स टीमला एकदम फिट, फक्त बॅकअप घ्या रे बाबांनो

लेकीच्या हायस्कूलच्या एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज, शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) टीमला दोन वर्षं मेंटर म्हणून मदत करतेय (न्यू जर्सीत राहतो, आणि आई आयटीत आहे हे एकदा कोचला कळलं की सुटका नाही). कंट्रोल हबवर (रोबोटवर बसवलेला छोटा कॉम्प्युटर) रोबोटचा कोड लिहायचे तीन रस्ते आहेत, ब्लॉक्स (ठोकळे जोडून), ऑनबॉट जावा (ब्राउझरमध्येच जावा लिहायचं) आणि अँड्रॉइड स्टुडिओ (लॅपटॉपवर इन्स्टॉल करायचं मोठं सॉफ्टवेअर), तिन्ही फुकट, आणि तिन्ही आमचे वापरून झालेत.

मी दिवसभर ऑफिसात जावाच लिहिते, त्यामुळे पहिल्या वर्षी हट्ट माझाच, अँड्रॉइड स्टुडिओच हवा, गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवायची सोय) आहे, ऑटोकम्प्लीट चांगलं आहे वगैरे. पण निम्म्या पोरांकडे शाळेची क्रोमबुक्स, त्यावर हे चालवायचा नादच नको. मग काय, माझ्या लॅपटॉपवर मीच टाईप करतेय आणि मुलं मागे उभी राहून चिप्स खातायत! लेक घरी येऊन म्हणाली, आई, हा तुझा रोबोट झालाय. लागलं मला ते.

दुसऱ्या वर्षी ऑनबॉट जावा घेतलं. इन्स्टॉल करायची भानगडच नाही, हबच्या वायफायला जोडायचं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४३.१:८०८० टाकायचं, कोड लिहायचा आणि पान्याचं चित्र असलेलं बटण दाबलं की बिल्ड, म्हणजे कोड रोबोटवर चालायला तयार. क्रोमबुकवर मस्त चालतं. स्पर्धेत दोन मॅचच्या मधे पोरं पिटमध्येच (स्पर्धेत टीमला दिलेली जागा) बसल्या बसल्या आकडे बदलून मोकळी, मला कोणी विचारतही नाही.

आता खटकणारं पण सांगते. हबच्या वायफायवर असताना इंटरनेट नाही, म्हणजे काही अडलं तर गुगल करायला फोन काढा. सगळ्या फाइल्स एकत्र कंपाइल होतात, त्यामुळे एकाने अर्धवट फाइल ठेवून दिली की बाकी सगळ्यांचं बिल्ड बोंबलतं आणि मग भांडणं. नुसतं सेव्ह करून बिल्ड विसरलात तर रोबोट जुनाच कोड पळवतो, आम्ही एकदा तासभर मोटर तपासत बसलो होतो! आणि कोड राहतो हबवर, लॅपटॉपवर नाही. आम्ही आळस केला, हब रीसेट करताना आधी काही उतरवून घेतलं नाही, तीन आठवड्यांचं काम गेलं, चूक शंभर टक्के आमची.

बाकी टूल कुठलंही घ्या, पहिल्या वर्षीची दुखणी तीच. कॉन्फिगरेशनमध्ये मोटरचं नाव एक आणि कोडमध्ये दुसरं, एक कॅपिटल अक्षर इकडेतिकडे झालं तरी प्रोग्राम इनिटलाच (सुरू व्हायच्या आधीच्या तयारीलाच) आपटतो. एका बाजूच्या मोटरची दिशा उलटी करायची राहिली की रोबोट जागच्या जागी फुगडी घालतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पहिले ३० सेकंद रोबोटने स्वतःहून चालायचं असतं, कंट्रोलरला हात लावायचा नाही, तिथे नवीन मुलं "दीड सेकंद पुढे जा" असं वेळ मोजून लिहितात. घरी अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर बरोबर थांबतं आणि मॅचला फुल चार्ज बॅटरी लावली की तोच कोड थेट भिंतीत, कारण पॉवर ०.५ म्हणजे ठराविक वेग नव्हे, बॅटरीत जेवढे व्होल्ट आहेत त्याच्या अर्धे. त्यापेक्षा एन्कोडरवर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) मोजून चालवा. वेबकॅम असेल तर एप्रिलटॅग (मैदानावर लावलेली क्यूआर कोडसारखी चित्रं) वाचायची सोय २०२३ पासून एसडीकेमध्येच (स्पर्धेच्या तयार सॉफ्टवेअरमध्येच) आहे, ती पण ऑनबॉटमधून वापरता येते.

जावा अजिबात न येणारी मुलं असतील तर ब्लॉक्सपासून सुरू करा, त्यात शेजारी जावाचा कोड दाखवायची सोय आहे, आमच्यातले दोघं ते बघूनच शिकले.

ऑनबॉटला पाचपैकी चार. राहिलेला एक स्टार बॅकअपचा, तो आता आमच्याकडे नियमच झालाय, सगळा कोड पेन ड्राइव्हवर उतरल्याशिवाय शुक्रवारचा पिझ्झा उघडायचा नाही.