‘द जॉय लक क्लब’ : आई-मुलीच्या कथा कुठून वाचायला घ्याव्यात

एमी टॅन यांचं हे पुस्तक १९८९ साली आलं. कादंबरी म्हणून ओळखलं जात असलं, तरी त्यातल्या १६ कथा सुट्या वाचता येतात. सॅन फ्रान्सिस्कोतली चार चिनी घरं, चार आया आणि अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या चार मुली. आईबद्दल काहीतरी लख्ख उमगतं तो क्षण कथेत कसा आणावा, हे पाहायचं असेल तर पुस्तक जरूर घ्या. फक्त पहिल्या पानापासून सलग वाचू नका. कथेगणिक निवेदक बदलतो आणि कोण कुणाची मुलगी हा गोंधळ लवकरच सुरू होतो. सुरुवातीला मायलेकींच्या नावांची यादी आहे, तिथे खूण घालून ठेवा. मग त्या मुलींपैकी जिंग-मेईच्या चार कथा आधी वाचा : पहिल्या भागातली पहिली, बाकी तिन्ही भागांतली शेवटची.

त्यांतली ‘बेस्ट क्वालिटी’ सगळ्यांत पक्की. चिनी नववर्षाच्या जेवणाला आई, सुयुआन, अकरा खेकडे आणते. अकराव्याचा पाय तुटलेला. चांगले खेकडे भराभर उचलले जातात, शेवटी दोन उरतात आणि जिंग-मेई तुटक्याला हात घालते. आई तिला मोठा घ्यायला लावते, तुटका स्वतःकडे ओढते, हुंगते आणि न खाताच टाकून देते. शिजवण्याआधीच तो मेला असावा, अशी तिला शंका. (खेकडा जिवंतच घ्यायचा, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही.) पाहुणे गेल्यावर ती लेकीला म्हणते, तो खेकडा फक्त तूच उचलणार हे मला ठाऊक होतं. आई आपल्याला कमी लेखते असं मानणाऱ्या मुलीला इथे कळतं, की आईने आपल्याला नीट पारखलंय. एवढं कळायला भाषण लागत नाही, कारण पुरावा आधीच ताटात पडलेला असतो.

‘टू काइंड्स’मध्ये हे काम पियानो करतो. आई गेल्यावर जिंग-मेई जर्मन संगीतकार शूमानची लहानपणी फसलेली रचना पुन्हा वाजवते आणि समोरच्या पानावरची दुसरी रचना त्याच गाण्याचा उरलेला अर्धा भाग आहे, हे तिला जाणवतं. शूमानच्या १८३८ च्या ‘किंडरत्सेनन’ या पियानो-रचनांच्या मालिकेतल्या या चौथ्या आणि पाचव्या रचना, जेमतेम एकेक मिनिटाच्या. कथेआधी दोन्ही ओळीने ऐका. चौथी अधांतरी सुरावर थांबते, पाचवी तिथूनच घरी येते. कथेचा शेवट मग नुसता समजत नाही, कानाला पटतो.

‘अ पेअर ऑफ टिकेट्स’ मात्र मला कमी पडलेली वाटते. चीनमध्ये सावत्र बहिणींना भेटल्यावर नायिका आपल्याला काय उमगलं ते उघडपणे सांगूनच टाकते. तिथल्या पोलरॉइड फोटोत हळूहळू उमटणारे तीन चेहरे पुरेसे होते. नवोदित कथाकारांचं नेमकं इथेच बिनसतं : वस्तू बोलत असते आणि निवेदक तिच्यावर बोलतो.

यानंतर चौघींतल्या वेव्हर्लीकडे वळा. आधी ‘रूल्स ऑफ द गेम’, मग ‘फोर डायरेक्शन्स’, शेवटी तिच्या आईची ‘डबल फेस’. पहिलीत बुद्धिबळात प्रतिस्पर्धी वाटणारी आई दुसरीच्या अखेरीस फक्त एक म्हातारी बाई दिसते, आणि तिसरीत तीच बाई आपली बाजू मांडते. हा क्रम उलटा केलात तर दुसरीतला धक्का बसत नाही.