बादलीतलं विसर्जन: अमोनियम बायकार्बोनेटची पावडर किती कामाची?

पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) घरगुती गणपतीचं विसर्जन घरच्या बादलीत करता यावं म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत काढली आणि पुणे महापालिकेने ती उचलली. गणेशोत्सवात पावडर क्षेत्रीय कार्यालयांतून मोफत वाटली गेली आहे. पावडर म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात तेच. ती काम करते. फक्त पाकिटावरच्या दोन ओळींत मावणार नाही एवढी काळजी मागते, आणि घरातल्या मोठ्यांच्या एका प्रश्नाला उत्तरही द्यावं लागतं: देवाला केमिकलमध्ये कसं बुडवायचं?

आधी तोच प्रश्न. घरगुती गणपती पार्थिव पूजेचा. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होते आणि निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा. ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवली की देवत्वाचं विसर्जन तिथेच, पाटावरच झालं. त्यानंतर पाण्यात जाते ती नुसती आकृती. तेव्हा ओढा, विहीर, हौद की बादली, याने पूजेत उणं पडत नाही. उलट, जी आकृती महिनोन्‌महिने विरघळतच नाही आणि भरतीबरोबर हात-पाय तुटून किनाऱ्यावर येते, तिचं विसर्जन पुरं झालं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मन तरीही मानत नसेल तर दोन बादल्या ठेवाव्यात. पहिलीत साधं पाणी. आरती, शिदोरी, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे सगळं तिथे, आणि मूर्ती तीनदा बुडवायची. पावडरची बादली गॅलरीत, मंडळी पांगल्यावर. हा तोडगा बहुतेक घरांत चालावा.

आता मापं. मूर्तीचं वजन करा; उंचीवरून अंदाज बांधू नका, कारण साच्यातल्या मूर्ती आतून पोकळ असतात आणि जाडी सारखी नसते. जेवढं वजन तेवढीच पावडर. पीओपी म्हणजे मूळचं जिप्सम, आणि पावडर त्याचा खडू करते. रसायनाच्या हिशोबाने एक किलो जिप्समला साधारण 920 ग्रॅम पावडर लागते, म्हणून सम वजन घेतलं की थोडी शिल्लक राहते. मिळालेलं पाकीट वजनाला पुरत नसेल तर दुसरं आणावं, कारण कमी पावडरीत उरलेलं जिप्सम तसंच गाळात बसतं.

पाणी किती? ही पावडर 20 अंशाला लिटरभर पाण्यात दोनशे ग्रॅमच्या आसपास विरघळते. दोन किलोला किमान दहा लिटर हवं, आणि मूर्ती पूर्ण बुडाली पाहिजे. म्हणजे 20 लिटरची प्लास्टिकची बादली. पावडर आधी वेगळ्या भांड्यात ढवळून मग ओता. मूर्तीवर कोरडी टाकली तर तळाशी ढेकूळ होऊन बसते. गरम पाणी अजिबात नको. उष्णतेने पावडरच फुटते आणि अमोनिया हवेत जातो. गेल्या वर्षीचं उघडं पाकीट याच कारणाने अर्धं मेलेलं असतं.

बादलीत फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड. झाकण घट्ट लावू नये. उग्र वास अमोनियाचा, म्हणून बंद बाथरूममध्ये हा उद्योग करू नये; दमेकरी आणि लहान मुलं लांब बरी. दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. न ढवळल्यास मूर्तीवर खडूचा थर बसतो आणि आतलं जिप्सम पाण्याला भेटतच नाही. ‘दोन दिवस झाले, तशीच आहे’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं, नाहीतर ऑइलपेंट. चकचकीत रंगाखाली पाणी शिरत नाही. तिथे काठीने खरवडावं लागतं आणि नेमका तिथेच हात थबकतो. थबकू द्या, पण उत्तरपूजा झाली आहे हे आठवून खरवडा. साधा रंग असेल तर दोन ते तीन दिवसांत मूर्ती विरते. खाली खडूची पांढरी भुकटी, मूर्तीत घातलेला काथ्या आणि रंगाचे पापुद्रे राहतात. हार, दूर्वा, कापडी शेला, चमकी हे आधीच काढून निर्माल्यात गेलेलं असावं.

वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेटचं द्रावण, म्हणजे नत्रखत. इथे या पद्धतीचं कौतुक जरा जास्तच होतं. दोन किलोच्या मूर्तीतून दीड किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट निघतं, त्यात सुमारे तीनशे ग्रॅम नत्र. बाल्कनीतल्या दहा कुंड्यांना हे झेपणार नाही. तसंच ओतलं तर तुळस दोन दिवसांत करपेल. किमान पन्नासपट पाणी घालून सोसायटीच्या झाडांना किंवा लॉनला द्यावं. मूर्ती रंगवलेली होती तर भाजीपाल्याला देऊ नये, रंगात जड धातू असू शकतात.

दुकानात पावडर नाही म्हणून खाण्याचा सोडा आणणारेही असतात. त्याने जिप्सम फुटतं, पण पाण्यात सोडियम सल्फेट उरतं, आणि ते मातीला मीठ घालण्यासारखंच.

ही पावडर म्हणजे प्रायश्चित्त आहे, विधी नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी पीओपी नाकारलं. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं. पीओपी आणलंच असेल तर बादली किंवा कृत्रिम तलाव, तिसरा रस्ता नाही. पावडरला दहापैकी सात गुण: काम चोख, पण ढवळायला माणूस घरात हवा. नोकरीवाल्या दोघांच्या घरात हौदच बरा.

मंडळांनी मोठी उत्सवमूर्ती ठेवून पूजेची छोटी मातीची मूर्ती विसर्जित करावी. ही सोय रूढ आहे आणि शास्त्रालाही धरून आहे. घरासाठी शाडू, नऊ इंच पुष्कळ. ती साध्या बादलीत काही तासांत विरघळून तळाशी बसते, आणि पुण्यात ती माती गोळा करून मूर्तिकारांना परत देणारी ‘पुनरावर्तन’ ही मोहीमही चालते. मात्र शाडू म्हणून पीओपी गळ्यात मारणारे स्टॉल आहेत. मूर्ती उलटी करून बुडाच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचे चार थेंब टाका, मिनिटभराने बोटाने चोळा. शाडू असेल तर बोटाला चिखल लागतो. पीओपी पाणी पिऊन कडकच राहतं. विक्रेता हे करू देत नसेल तर पुढच्या स्टॉलवर जा.